भरतीची पाहणी

"अंगठा देताय की नाही, तात्या?"

म्हातारा सुकाणूवर हात ठेवून पाण्याकडे बघत राहिला.

विचारणारे होते डॉ. मुकुंद चौबळ. सावरी खाडीवर त्यांचं चारशे पानांचं पुस्तक आहे. खाडीच्या पाहणीसाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष, आणि सदस्यही तेच एकटे.

ज्याला विचारलं तो लखू तांडेल. सत्तरी ओलांडलेला. तीस वर्षांपूर्वी विद्यार्थी असताना चौबळ दोन वर्षं याच्याच होडीत बसून खाडी शिकले होते. आता व्यासपीठावर ते त्याचा उल्लेख 'माझे निरक्षर गुरू' असा करायचे. टाळ्या पडायच्या.

आज होडी लखूची नव्हती. नदीच्या वरच्या अंगाला रसायनांचा कारखाना होता, त्या कंपनीची ती सफरीची बोट. निळं छत, गाद्यांच्या खुर्च्या, कर्णा. मासे संपल्यावर लखूनं जाळं माळ्यावर टाकलं होतं आणि तो ही बोट हाकत होता.

कर्ण्यापाशी कंपनीचे जनसंपर्क अधिकारी उभे होते. शौनक रेगे. बोटीत ऐकायला एकटे चौबळ, तरी रेगे कर्ण्यातूनच बोलत होते.

"उजवीकडे पाहा सर, ब्राह्मणी घार! नदी आणि सागराच्या या मिलनभूमीत आपलं स्वागत आहे!"

"रेगे, मी दोन हातांवर बसलोय," चौबळ म्हणाले.

"सॉरी सर. सवय."

अकरा वाजले होते. भरती पुरी चढली होती. पाणी कांदळाच्या फांद्यांना टेकलं होतं, हिरवंगार, ऊन खेळत असलेलं. नमुन्याच्या सहा बाटल्या भरून झाल्या होत्या.

चौबळांच्या मांडीवर अहवाल होता. शेवटचं वाक्य असं : 'पाहणीअंती सावरी खाडी जिवंत असल्याचे आढळून आले.' त्याखाली त्यांची सही. त्याखाली छापलेलं : 'स्थानिक मच्छीमार प्रतिनिधी, निशाणी डावा अंगठा'. तेवढी जागा रिकामी होती.

ती भरली की कंपनीला खाडीत सांडपाण्याची दुसरी पाइपलाइन सोडता येणार होती. पहिली सोडून सात वर्षं झाली होती.

"निरक्षर तूच म्हणतोस," लखू म्हणाला, "आणि अंगठापण तुलाच हवा."

"तात्या, ते प्रेमानं म्हणतो मी."

"मला सही येते, मुकुंदा. पारूनं शिकवली."

"फॉर्मवर अंगठा छापलाय."

"छापलाय होय... मग काय, छापलेलंच खरं."

चौबळ हसले. रेगेही हसले, जरा उशिरा.

"पारूवहिनी कशा आहेत?" चौबळांनी विचारलं.

"पायांना चिखल सोसत नाय आता. तीन वर्षं झाली. जखमा सुकतच नायत. घरात बसून असते."

"मधुमेह तपासून घ्या."

लखूनं त्यांच्याकडे वळून पाहिलं. मग पुन्हा पाण्याकडे.

लखूच्या बायकोची, पारूवहिनींची, एक गोष्ट चौबळ प्रत्येक भाषणात सांगत. तिसऱ्या म्हणजे चिखलात राहणारे शिंपले. पहिल्याच दिवशी वहिनींनी त्यांना तिसऱ्यांचं कालवण वाढलं. शिकलेला पोरगा शिंपला न् शिंपला चोखत होता. एक शिंपला मिटलेलाच होता. तो नखानं उघडायला गेला, तशी वहिनींनी ताटातून उचलून चुलीत टाकला. म्हणाल्या, "एवढं उकळलं तरी जी तोंड उघडत नाय, ती मेलेली. ती खायची नसते." समुद्रजीवशास्त्राचा हा माझा पहिला धडा, असं चौबळ म्हणत. सभागृह हसायचं.

"देतो अंगठा," लखू म्हणाला.

रेग्यांनी लगेच खिशातून शाईचा पॅड काढला.

"इथं नाय. पट्ट्यावर."

खाडीच्या मध्यावर चिखलाचा लांबलचक पट्टा होता. गावच्या बायका पिढ्यान् पिढ्या तिथंच तिसऱ्या काढायच्या. आता त्यावर दीड पुरुष पाणी होतं. लखूनं बोट तिथं नेली, इंजिन बंद केलं आणि नांगर टाकला.

"हे काय?" रेगे.

"थांबायचं."

"किती वेळ?"

"पाणी उतरंपर्यंत."

"अहो, एक वाजता जेवण आहे धक्क्यावर! चारला साहेबांची मीटिंग आहे!"

"जेवण बोटीत हाय की. डबे मीच चढवले."

"तांडेल, ही बोट कंपनीची आहे. उद्यापासून दुसरा माणूस ठेवू आम्ही."

"उद्या ठेवा," लखू म्हणाला. "आज मी हाय."

चौबळांनी हात वर करून रेग्यांना थांबवलं. त्यांच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं. जुना गुरू थोडा हट्ट करणारच, असं काहीसं.

"तात्या, पाणी बघितलंय मी. नमुने घेतलेत. सगळं मर्यादेत आहे."

"किती वाजता घेतलेस?"

"अकरा."

"तुझ्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर काय लिवलंय रे?"

चौबळांचं हसू गेलं.

पहिल्या पानावर एकच वाक्य होतं. 'भरतीला दिसतो तो समुद्र. खाडी पाहायची तर ओहोटीला या.' वाक्य लखूचं होतं. खाली नाव चौबळांचं.

"आजवर चार पाहण्या झाल्या," लखू म्हणाला. "चारी भरतीला. पहिल्या तिघांना भरती-ओहोटी कळत नव्हती. आम्ही म्हटलं, शहरातली माणसं, चुकली असतील. चौथ्याला तुझं नाव ऐकलं... पारू म्हणाली, आता मुकुंदा येतोय."

पाणी बोटीच्या कडेनं समुद्राकडे सरकू लागलं होतं.

एक वाजता डबे उघडले. तिसऱ्यांचं सुकं होतं.

"याच खाडीतल्या बरं का, सर!" रेगे म्हणाले. आता कर्ण्याशिवाय.

चौबळांनी चार खाल्ल्या. लखूनं आपला डबा झाकून बाजूला ठेवला.

"तुम्ही नाही खात?"

"इथल्या तिसऱ्या पाच वर्षांत नाय खाल्ल्या. आज जमत नाय एकदम."

तीन वाजता बोटीचा तळ चिखलाला लागला. साडेतीनला पट्टा उघडा पडला.

एके काळी ओहोटीला या पट्ट्यावर कान बसायचे. चिखलातले निवटे मासे उड्या मारायचे, कुर्ल्यांची पळापळ चालायची, हजारो भोकांतून बुडबुडे फुटायचे. वर बायकांच्या गप्पा आणि शिव्या. आता कसलाच आवाज नव्हता. चिखलावर राखाडी साय धरली होती. वास असा की रेगे रुमाल नाकाला लावून बोटीच्या पार टोकाला जाऊन उभे राहिले.

वीस पावलांवर चार गंजके लोखंडी गज उभे होते. चौबळांनीच तीस वर्षांपूर्वी ठोकलेले. त्या चौकोनातल्या तिसऱ्या ते दर पंधरवड्याला मोजायचे. सगळ्यात कमी भरल्या तेव्हा चाळीस होत्या.

"तुझाच चौकोन," लखू म्हणाला. "जा. त्यातली एक जिती तिसरी आण. अंगठा देतो."

"एक?"

"एकच. दुसरी काय अट नाय."

चौबळांनी बूट काढले, पँट दुमडली आणि उतरले. पोटरीपर्यंत रुतले. पहिली दहा पावलं त्यांना नीट जमली नाहीत. पुढची जमली. पाय विसरले नव्हते.

चौकोनापाशी पोचून ते उभे राहिले.

चिखलावर तिसऱ्या होत्या. एक नाही, तीस-चाळीस. मिटलेल्या, टपोऱ्या, उन्हात चमकणाऱ्या. चिखलाच्या वर, शेंगदाणे सांडावेत तशा.

ते बराच वेळ बघत राहिले.

जिवंत तिसरी चिखलाच्या वर राहत नाही. ती आत शिरते. वर दोन बारीक भोकं तेवढी ठेवते. ती भोकं ओळखायची आणि बोटं खुपसून काढायची. हे शिकायला त्यांना तेव्हा तीन आठवडे लागले होते. दोन वर्षं त्यांच्या नखांतलं काळं गेलं नव्हतं, स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा.

चौबळांनी इकडे तिकडे पाहिलं. भोकं कुठंच नव्हती.

मग ते वाकले. दोन बोटांनी एक तिसरी उचलली. डबक्यात खळबळून धुतली आणि परत निघाले.

"सापडली!" रेगे बोटीवरून ओरडले. "वा सर!"

चौबळ वर आले आणि तिसरी लखूच्या पुढे धरली.

"ही घ्या. जिवंत आहे."

लखूनं तिसरी घेतली नाही. त्यानं तो हातच धरला, पालथा केला आणि नखं पाहिली.

पाचही नखं स्वच्छ होती.

"खणलं नायस," तो म्हणाला.

"तुम्ही खणायला सांगितलं नव्हतं. जिवंत हवी होती, जिवंत आहे. अट पुरी झाली."

"झाली," लखू म्हणाला. "शब्द दिलाय मी."

त्यानं रेग्यांच्या हातातून पॅड घेतला आणि डावा अंगठा शाईत दाबला. जांभळा अंगठा वर धरून तो चौबळांच्या समोर, बोटीच्या काठावर बसला.

"परवा दोन पोती तिसऱ्या आणल्या. दुसऱ्या खाडीच्या. ह्याच बोटीतून. मीच आणल्या. पाहुण्यांच्या जेवणाला म्हणून सांगितलं होतं मला..."

"तांडेल!" रेगे म्हणाले.

"...अर्ध्या जेवणाला गेल्या. अर्ध्या काल सकाळी इथं ओतल्या. मीच बोट धरून उभा होतो. मला सगळं ठाऊक. पण माझं ठाऊक असणं कोण धरतो? मी निरक्षर."

चौबळ खुर्चीत टेकून चिखलाकडे बघत होते.

"तू सांग. ही इथली की आणलेली? एवढंच बोल. तू इथली म्हण, त्याच्याखाली अंगठा देतो. आणलेली म्हण, त्याच्याखालीपण देतो. तू जे बोलशील ते माझं."

"सर, काही बोलायची गरज नाही," रेगे घाईनं म्हणाले. "सही झालेली आहे तुमची. आणि हे नाही म्हणाले तर गावात दुसरे अंगठे खूप आहेत."

ते खरंच होतं. उद्यापर्यंत दुसरा अंगठा मिळाला असता. हे लखूला माहीत होतं, आणि चौबळांनाही.

"तात्या," चौबळ म्हणाले, "तुम्हाला यातलं सगळं माहीत नाही. माझ्यावर..."

"ते नाय विचारलं."

"मी नाही लिहिलं तर दुसरा कोणी लिहील."

"ते पण नाय विचारलं. ही इथली की आणलेली?"

चौबळांचे ओठ हलले. रेगे त्यांच्याकडे बघत होते. लखू बघत होता. दूर किनाऱ्यावर, एका घराच्या ओट्यावर, पाय पुढे सोडून एक बाई बसलेली दिसत होती. तीही इकडेच बघत असावी.

"मुकुंदा?"

...

"मुकुंदा, बोल रे."

...

दिवस मावळतीला आला, पाणी परत फिरलं. गंजक्या गजांभोवती पहिली ओळ आली, मग दुसरी. ओतलेल्या तिसऱ्या एकेक करून पाण्याखाली गेल्या. एकही आत शिरली नव्हती.

बोट तळातून हलकी झाली.

लखू उठला. शाईचा अंगठा त्यानं आपल्याच सदऱ्यावर पुसला, छातीपाशी, सावकाश. अहवाल उचलून चौबळांच्या मांडीवर ठेवला, अंगठ्याची जागा रिकामी होती तशीच. मग त्यांच्या मुठीतली तिसरी पाहिली. ती अजून मिटलेली होती. त्यानं त्यांची बोटं तिच्यावर नीट दुमडली, जणू काही ठेवच परत करत होता.

तीस वर्षांत तो त्यांना कधी अहोजाहो बोलला नव्हता.

"पारूनं काय सांगितलं होतं," लखू म्हणाला, "ते विसरलात, साहेब."