उंबरठ्याबाहेरची ओसरी

पूर्वी अश्मक देशात सुयाम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व पोतननगराच्या दक्षिण वेशीवरील आरोग्यशालेचा प्रमुख वैद्य होता. एका सकाळी तो रोजच्यासारखा काढ्यांची भांडी पाहत असताना राजाचा दूत आज्ञा घेऊन आला. नगराच्या चार वेशींवर चार आरोग्यशाला होत्या. वर्षभरात जिथे सर्वांत कमी माणसे दगावतील, तिथल्या प्रमुखाला दुप्पट वेतन मिळणार होते; जिथे सर्वांत जास्त, तिथल्या प्रमुखाला पद सोडावे लागणार होते. राजाचा हेतू चांगला होता. वैद्य अधिक झटतील, असे त्याला वाटले.

दोन महिन्यांत बाकीच्या तिन्ही शालांच्या दाराबाहेर ओसऱ्या उभ्या राहिल्या. मोजणी फक्त उंबरठ्याच्या आत दगावलेल्यांची होती. ज्याची आशा नाही त्याला ओसरीत चटईवर ठेवत, नाहीतर घरी पाठवत.

एके दुपारी एका कुंभाराने आपल्या आईला खाटेवर घालून दक्षिण वेशीवर आणले. तो तिन्ही दारे फिरून आला होता. बोधिसत्त्वाने म्हातारीची नाडी पाहिली आणि खाट आत घ्यायला सांगितली.

तारका तिथली जुनी परिचारिका. ती हळूच म्हणाली, “दादा, या दोन दिवससुद्धा काढायच्या नाहीत. असंच चाललं तर तुम्हाला घालवतील. मग नवा येईल तो हेही दार लावील.”

तिचे म्हणणे खरे होते. बोधिसत्त्वालाही ते दिसत होते.

“आज तर उघडं आहे,” तो म्हणाला आणि त्याने खाटेचे एक टोक धरले.

म्हातारी दुसऱ्या दिवशी गेली. मुलगा जवळ होता.

वर्ष सरल्यावर राजाने चौघांना बोलावले. उत्तर वेशीचा कुंडल वैद्य हसत म्हणाला, “दक्षिणेकडे काढा देतात की निरोप?”

राजा हसला नाही. “तुझ्याकडे एक्याऐंशी मेले,” तो बोधिसत्त्वाला म्हणाला, “यांच्याकडे चार-पाच. यांना असे काय येते, जे तुला येत नाही?”

“दार लावता येते, महाराज.”

राजा उठला आणि चालतच उत्तर वेशीवर गेला. ओसरीत सात जण पडले होते. त्यांतल्या दोघांचा प्राण केव्हाच गेला होता. राजाने तिथेच आज्ञा मागे घेतली आणि उरलेल्या पाच जणांना आत न्यायला लावले. बोधिसत्त्व आपल्या कामावर राहिला.

ही गोष्ट सांगून झाल्यावर शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, भिक्षूंना ओळख पटवून दिली: सुयाम राजा म्हणजे आताचा आनंद, कुंडल म्हणजे देवदत्त, तारका म्हणजे ज्येष्ठ भिक्षुणी क्षेमा थेरी, आणि तो वैद्य मीच. त्या जन्मी त्याने आचरली ती करुणा.

त्या वर्षात दारांवरून घरी पाठवलेल्यांचे पुढे काय झाले, हे पाहायला मात्र राजाने कोणाला धाडले नाही. बोधिसत्त्वही गेला नाही.