ढोलीतले आवाज

त्या राज्यात आवाज विरत नसे. म्हाताऱ्या आंब्याच्या ढोलीत कुणी एकदा गायले, की ते गाणे तिथेच राही. मागून कुणीही यावे, ढोलीला कान लावावा आणि ऐकावे. म्हणून राज्याची सगळी शाळा त्या एका आंब्यावर भरे. शिक्षकांनी आपापल्या ढोलीत पाठ गाऊन ठेवायचे आणि पिल्लांनी सवडीने येऊन शिकायचे, अशी रीत होती.

आंबा काही गुणाचा पुतळा नव्हता. पावसाळ्यात निम्म्या ढोल्या गळत. एका ढोलीतला पाठ कधी कधी शेजारच्या ढोलीतून ऐकू येई, त्यामुळे सुतारपक्ष्याकडे लाकूड पारखायला आलेली पिल्ले बुलबुलबाईंची फळांची पारख शिकून घरी गेल्याचेही घडले होते. सगळे कुरकुरत, आणि कुरकुरत पुन्हा तिथेच येत.

दक्षिणेकडच्या फांदीवर दयाळमास्तरांच्या ढोल्या होत्या. काळा कोट, पांढरा सदरा, शेपटी कायम ताठ. ते गाणे शिकवत. प्रत्येक ढोलीच्या तोंडावर त्यांनी सालीचे झाकण बसवले होते. पहिल्या पाठाचे झाकण कायम उघडे असे, दुसऱ्याचे मोहोर आला की निघे आणि तिसऱ्याचे कैऱ्या धरल्या की. घाई करणाऱ्या पिल्लाला ते म्हणत, "आधी झाडाला येऊ दे, मग तुला येईल."

पण त्या ढोल्यांमधली खरी गंमत मास्तरांच्या पाठांत नव्हती. पिल्ले पाठ ऐकत, अडत आणि तिथेच प्रश्न विचारून जात. तो प्रश्नही ढोलीत राही. फार वर्षांपूर्वी एका मुनियेने भीत भीत विचारले होते, "गाणं संपलं की चोच लगेच मिटायची का?" मास्तरांनी उत्तर दिले होते, "शेवटचा सूर समोरच्या फांदीवर टेकेपर्यंत थांब." पुढच्या वर्षी कुणी त्यावर हसले, कुणी फांदी फार लांब असल्याची तक्रार केली, कुणी तिसऱ्यानेच त्याला समजावले. अशी वर्षांवर वर्षे साठली. मुनिया पुढे कुठल्या रानात गेली कुणास ठाऊक. ढोलीत मात्र ती अजून तेवढीच लहान होती. मास्तर रोज सकाळी एकदा तिला ऐकत आणि मग दिवसाला लागत.

एके वर्षी पक्षिसभेने ठराव केला. आंबा आतून पोखरला आहे, पिल्ले वाढली आहेत, तेव्हा शाळा टेकडीवरच्या दगडी मनोऱ्यात न्यावी. मनोरा पारव्यांचा होता. पलीकडच्या कितीतरी रानांत ते असेच मनोरे चालवत. सगळे कोनाडे एकसारखे, गुळगुळीत, गळती नाही. वर्ष सरेपर्यंत आंबा उभा राहील, असेही ठरले. तिथे ऐकता येईल, पण नवे काही गाता येणार नाही. मग तो पाडतील.

पारवे वाळक्या भोपळ्यांच्या तुंब्या घेऊन आले आणि ढोल्यांतले पाठ भरून नेऊ लागले. दयाळमास्तरांचे पाठ भरून झाले तसे मुकादम पारव्याने तुंबीला बूच मारले.

"अहो, थांबा! पिल्लांचे आवाज राहिले की आत," मास्तर म्हणाले.

"आम्ही शिकवणं नेतो, मास्तर. गप्पा नेत नाही."

मास्तरांनी एक रिकामी तुंबी मागून घेतली आणि मुनियेचा प्रश्न स्वतःच तिच्यात गाऊन पाहिला. ऐकला तर परीक्षेतला प्रश्न वाटत होता. त्यांनी तुंबी उपडी करून ठेवली.

बुलबुलबाईंनी समजूत घातली. "अहो, माझी ढोली सगळा जन्म गळत होती. मला तर बाई सुटल्यासारखं वाटतंय." हे म्हणताना त्या आंब्याकडे पाहत नव्हत्या.

मनोऱ्यात शाळा सुरू झाली. तिथल्या झडपा शहाण्या होत्या. शिक्षकाची पिसे ओळखून त्या आपोआप उघडत आणि तो आत गेला की मागे मिटत. मास्तर रोज आपले तिन्ही कोनाडे फिरून येत. सारे पाठ जागच्या जागी. पिल्ले मात्र पहिल्या पाठापुढे सरकेनात. तेच सूर, तीच अडखळ. आंबा सुटला आणि पिल्लांची अक्कलही तिथेच राहिली, असे मास्तरांनी ठरवून टाकले. दोनदा त्यांनी पिल्लांना फैलावरही घेतले. पिल्ले मान खाली घालून उभी राहिली.

एके दुपारी मास्तर धुळीत मनसोक्त लोळले आणि पिसे न झटकताच मनोऱ्याकडे आले. मातकट पक्ष्याला झडपेने ओळखलेच नाही. दुसऱ्या पाठाची झडप बंद, आणि तिच्यासमोरच्या कठड्यावर पिल्ले ओळीने मुकाट बसलेली.

"हे कधीपासून बंद आहे?"

"पहिल्यापासून, मास्तर," शिंपिणीचे पिल्लू म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

पिल्लाने गुळगुळीत दगडाकडे पाहिले. "कुठे बोलायचं?"

मास्तर तडक मुकादमाकडे गेले. मुकादमाने शांतपणे सांगितले, "तुमच्या पाठासोबत जे आलं तेच आम्ही लावलं. मोहोर आला की उघडावं, असं होतं. मोहोर आला नाही." दगडाला मोहोर येत नसतो, हे राज्यात कुणालाच सुचले नव्हते, मास्तरांनाही नाही. आंब्यावर असे झाले असते, तर पहिल्याच दिवशी कुणीतरी ढोलीत तोंड घालून ओरडले असते.

मास्तरांनी सगळ्या झडपा पिल्लांसाठी उघड्या करवून घेतल्या. फैलावर घेतलेल्यांची माफी मागितली. पण कोनाड्यात कुणी बोलले, तर शब्द दगडावरून घसरून जाई; मागे काही उरत नसे. मग ते पाठ झाल्यावर कठड्यावर बसू लागले. पिल्ले आधी बिचकली, मग थोडी जवळ सरकली. विचारत मात्र कुणी नसे. मास्तरांना आंब्याची आठवण फार छळे. मुनियेचा आवाज इथे कोनाड्यात असता तर, असे त्यांना सारखे वाटे.

वर्ष सरले. आंबा पाडायच्या दिवशी मास्तर सकाळीच निघाले. एकदा, शेवटचे, तिला ऐकायचे होते. त्यांनी पंख उघडले तोच मागून शिंपिणीच्या पिल्लाने हाक मारली.

"मास्तर... मधेच श्वास संपला, तर गाणं पहिल्यापासून म्हणायचं का?"

त्या कठड्यावरचा तो पहिला प्रश्न होता. शेजारचे पिल्लू घाईने म्हणाले, "नाही रे, जिथे सुटलं तिथून," आणि तिसरे म्हणाले, "पण सूर कसा सापडणार?" मास्तरांनी एकदा खाली रानाकडे पाहिले. घाव पडू लागले होते. आता उडाले असते, तर जेमतेम पोचले असते.

त्यांनी पंख मिटले. "कुठे संपतो तुझा श्वास? गाऊन दाखव."

पिल्लू गाऊ लागले. त्याच वेळी खाली आंबा करकरला आणि कोसळला. मनोऱ्यातल्या साऱ्या माना तिकडे वळल्या. दचकून पिल्लाचा सूर मधेच तुटला. मास्तर मात्र त्याच्याकडेच पाहत राहिले. धुरळा खाली बसला तरी त्यांनी मान वळवली नाही.

"हं," ते म्हणाले, "इथूनच पुढे म्हण."