वणव्याला गूळ-पाणी

सह्याद्रीच्या पायथ्याशी, कोकणच्या अंगाला, कुंभेरी नावाचं एक गाव होतं. त्या वर्षी फाल्गुन सरता सरता वळचणीचे महाराज त्या गावी आले. महाराजांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. ते कुणाच्या घरात म्हणून पाऊल टाकत नसत. ऊन असो, थंडी असो, घराच्या वळचणीला घोंगडी अंथरायची आणि तिथेच बसायचं, तिथेच निजायचं. कुणी आत बोलावलंच तर हसून म्हणत, "घर तुमचं, सावली आमची. भांडण कशाला?"

गावचे खोत अंताजीराव. त्यांचं घर चौसोपी, वळचण अशी की दहा माणसं पाय पसरून झोपतील. महाराज येणार म्हटल्यावर अंताजीरावांनी वळचण सारवून घेतली, गाद्या घातल्या, चार माणसांत सांगूनही ठेवलं. आणि महाराज काय करतात? त्या घरावरून सरळ चालत पुढे गेले, डोंगराची चढण चढले आणि वरच्या टेपावर, म्हणजे उंचवट्यावर, आवडाबाईच्या खोपटाला जाऊन टेकले!

आवडाबाई म्हणजे खोताचीच जमीन कसणाऱ्या कुळांपैकी एक विधवा बाई. कारवीच्या भिंती, वर गवताचं छप्पर, पुढे शेणाने सारवलेलं हातभर अंगण. पोटची एकच लेक, चंद्री. ती बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरलेले. महाराज वळचणीला बसले तेव्हा आवडाबाईला काही सुचेना. घरात होतं काय? तिने गुळाचा एक खडा आणि पाण्याचा तांब्या आणून पुढे ठेवला. महाराजांनी खडा तोंडात टाकला, वर पाणी प्यायले, डोळे मिटले आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "माय, एवढंच करत जा. दाराशी कोणी आलं तर कोण, कुठला, कशाला, हे विचारायचं नाही. आधी गूळ-पाणी. मग बाकीचं."

झालं! बाईने ते मनात असं धरलं की विचारू नका. मध विकायला येणारा कातकरी असो, वाट चुकलेला गुराखी असो, गावातला खुळा सदू असो, अंगणात पाऊल पडलं की गूळ-पाणी पुढे. कधी गूळ संपे. मग ती रानातली करवंदं ठेवी. गावाला आयतंच हसायला मिळालं. अंताजीरावांच्या पोटात तर आधीच जळत होतं. चावडीवर बसून ते म्हणत, "घरातला गूळ मुंगीला पुरायचा नाही आणि थाट बघा जहागीरदाराचा! जशी यजमानीण तसा बुवा. दिवसभर घोरतो आणि त्याला म्हणे समाधी!"

एकदा ते मुद्दाम टेपावर चढून गेले. महाराज घोंगडीवर निजले होते. आवडाबाई लगबगीने तांब्या घेऊन आली. अंताजीरावांनी काठीच्या टोकाने तांब्या लवंडला आणि म्हणाले, "मला भिकाऱ्याच्या पंगतीला बसवतेस होय गं?" पाणी मातीत जिरलं. आवडाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने तांब्या उचलून पुसून घेतला. महाराजांनी कूस बदलली आणि पुन्हा झोपले.

आता चैत्र लागला. कोकणात हे दिवस राब भाजायचे. भाताची रोपं जिथे करायची त्या वाफ्यावर कवळ म्हणजे तोडलेल्या डहाळ्या, पाला, शेण पसरायचं, वर माती भुरभुरायची आणि पेटवून द्यायचं. पण त्याची एक रीत असते, मंडळी. राब भाजायचा तो पहाटे, वारा झोपलेला असताना. भोवतीचं गवत आधी काढून घ्यायचं. दुपारी खाडीकडून वारा सुटतो आणि डोंगर चढतो, तेव्हा शेतात ठिणगीसुद्धा न्यायची नाही. हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

त्या दिवशी अंताजीरावांना उठायलाच उशीर झाला. गडी कवळ पसरून वाट बघत बसले होते. ऊन डोक्यावर आलं. म्हातारा गडी म्हणाला, "मालक, आज राहू द्या. वारा उठायची वेळ झाली."

"वारा काय माझा जावई आहे, त्याची मर्जी सांभाळायला?" अंताजीराव गरजले. आणि गडी पुढे होईना म्हटल्यावर स्वतःच्या हाताने त्यांनी चूड पेटवली आणि राबाला लावली. घमेंड माणसाला कुठे नेऊन सोडील, सांगता येत नाही!

राब पेटला, आणि वारा उठला. जळता पाला उडाला तो बांधावरच्या गवतात. गवत कसलं, वाळून कुरकुरीत झालेलं. बघता बघता आगीने बांध ओलांडला आणि डोंगराची चढण धरली. गडी डहाळ्या तोडून झोडपू लागले, पण आग का डहाळ्यांना ऐकते? कुणी गुरं सोडायला गावाकडे धावला, कुणी पोराबाळांकडे. अंताजीराव एकटेच राहिले. खालची वाट आगीने अडवली होती. ते वर पळत सुटले.

वर टेपावर आवडाबाईला सकाळपासून उसंत नव्हती. चंद्रीला कळा सुरू झाल्या होत्या. सुईण खालच्या वाडीत, तिला बोलवायला जाणार कोण? बाई आत जाई, लेकीची कंबर चोळी. बाहेर येई, वाटेकडे बघे. महाराज वळचणीला गाढ झोपले होते. मग तिला खाली धूर दिसला. धूर वाढला, पिवळा झाला, तांबडा झाला, आणि सूर्य असा झाला की कुंकवाच्या टिळ्यासारखा नुसता बघत राहावा. सगळीकडे विलक्षण शांत वाटत होतं. पाखरं डोक्यावरून गेली, एकही ओरडलं नाही. एक ससा अंगणातून पळाला. बाईला वाटलं, आपण जागे आहोत की हे सगळं झोपेत बघतो आहोत?

तेवढ्यात अंताजीराव धापा टाकत अंगणात येऊन कोसळले. धोतराचा सोगा जळलेला, मिशी करपलेली, घशातून शब्द फुटेना. आवडाबाईने विचारलं नाही, की काय झालं, कसं झालं. आत गेली, गुळाचा खडा आणि तांब्या घेऊन आली. या खेपेला खोतांनी तांब्या लवंडला नाही. घटाघटा प्यायले. आणि पाणी पोटात गेल्याबरोबर ओरडले, "बघत काय राहिलीस? वणवा येतोय वर! पळ!"

"कशी पळू, मालक? आत लेक अडलीय."

 अंताजीरावांनीच धावत जाऊन घागर उचलली आणि छपरावर ओतली. गवतावर पडलेलं पाणी त्या धगीत दिसलंसुद्धा नाही. पाणवठा आगीच्या पलीकडे. "उठव, त्या बुवाला तरी उठव!" ते म्हणाले. "एवढा त्याचा डंका, काहीतरी करील!"

"नाय, मालक," आवडाबाई म्हणाली. "पाव्हण्याची झोप मोडू नये."

हिला म्हणावं काय? पण खरं सांगायचं तर बाईच्या मनात त्या वेळी विश्वासही नव्हता आणि धीरही नव्हता. नुसती भीती होती. आतून चंद्री कण्हत होती आणि वणवा तडतडत चढत होता.  महाराजांच्या तोंडाकडे तिने पाहिलं, तर ते तान्ह्या बाळासारखे झोपेत हसत होते. त्या हसण्याकडे बघता बघता तिची भीती कुठे गेली ते तिचं तिलाच कळलं नाही. सगळं लांब लांब वाटायला लागलं. कानावरचा आवाजही पाण्याखालून आल्यासारखा झाला.

आणि वणवा अंगणाच्या कडेला येऊन उभा राहिला. माणसाच्या दुप्पट उंच, तांबडं लुगडं नेसलेल्या एखाद्या बाईसारखा. दाराशी कोणी आलं की काय करायचं, एवढंच आवडाबाईला ठाऊक होतं. तिने घागर तिरकी केली. तळाशी राहिलेलं पाणी जेमतेम तांब्याभर निघालं. डब्यातला शेवटचा गुळाचा खडा घेतला. पदर डोक्यावर सारखा केला आणि ती अंगणाच्या कडेपर्यंत चालत गेली.

"आवडे! अगं खुळे!" मागून अंताजीराव ओरडले. त्यांच्याने पुढे पाऊल टाकवेना.

आवडाबाईने तांब्या खाली ठेवला. खडा पानावर ठेवला. आणि हात जोडून म्हणाली, "ये गं बाय. लांबून आलीस, चढण चढून आलीस, दमली असशील. घरात लेक बाळंत होतेय, आत यायची वेळ नाय. राग नको मानू. हितंच बाहेर बस. गूळ खा, पाणी पी."

ती एवढंच बोलली. तेवढ्यात आतून हाक आली, "आये!" आणि काय सांगावं त्या बाईचं! पाहुणीला बसायला सांगितलं आहे, आता आपण आत जायला हरकत नाही, असं म्हणून ती खरोखरच वणव्याकडे पाठ फिरवून आत निघून गेली.

पुढचं पाहिलं ते अंताजीरावांनी, आणि मरेपर्यंत ते ज्याला त्याला सांगत राहिले. ज्वाळा हलल्या. वर चढायच्या त्या खाली वाकल्या. दमलेली बाई कमरेवर हात ठेवून हळूहळू टेकते ना, तशी ती आग अंगणाच्या कडेला टेकली. मोठी होती ती ठेंगणी झाली, ठेंगणी होती ती वीतभर राहिली. तडतड थांबली. गुळाच्या काकवीचा गोड वास सगळ्या टेपावर पसरला. आग बसून राहिली होती आणि अंताजीराव तिच्यासमोर बसून राहिले होते. किती वेळ गेला, त्यांना सांगता येईना. त्या तेवढ्या वेळात आपल्याला आपली मेलेली आई आठवली, असं ते म्हणत. मग आतून तान्ह्या पोराचं रडणं ऐकू आलं आणि अंगणाच्या कडेची शेवटची ठिणगी निवाली.

कुणी म्हणेल, संध्याकाळ होत आली, वारा पडला, पुढे सारवलेलं अंगण, आग विझली. म्हणोत बापडे! वारा पडला हे खरंच. पण तो नेमका कुणाच्या बोलण्यावर पडला, हे तिथे बसलेल्या माणसाला विचारावं.

महाराज जागे झाले. जांभई दिली, डोळे चोळले आणि म्हणाले, "माय, कोणी आलं होतं का गं?"

आवडाबाई दारात आली होती. हातावर फडक्यात गुंडाळलेली नात. ती म्हणाली, "आली होती एक पाव्हणी. गेली."

"पाणी दिलंस?"

"दिलं, महाराज."

"बरं केलंस," महाराज म्हणाले.

अंताजीराव उठले.  ते वळचणीपाशी आले आणि महाराजांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकले. वाकले आणि तसेच थांबले. महाराजांचे दोन्ही तळवे भाजून लाल झाले होते, त्यांना राख चिकटली होती. जो माणूस सकाळपासून घोंगडीवरून उठला नव्हता, त्याचे ते पाय होते! अंताजीरावांच्या तोंडून हुंदका फुटला. "महाराज!"

महाराजांनी पाय आखडून घोंगडीखाली घेतले. "माझ्या पाया कशाला पडतोस, अंताजी?" ते हळूच म्हणाले. "मी तर झोपलो होतो. तूच म्हणतोस ना, बुवा घोरतो म्हणून? जागी ती होती."

अंताजीराव वळले. दारात आवडाबाई उभी होती, घामेजलेली, केस विसकटलेले, बाळाला सांभाळत. पिढ्यान् पिढ्या जिच्या माणसांनी खोतांपुढे मान वर केली नव्हती, ती त्यांच्या कुळांपैकी एक बाई.  ते म्हणाले, "आवडे, ही आग मी लावली. भर दुपारी, सगळे नको म्हणत असताना, माझ्या हाताने."

"ठाऊक हाय, मालक."

"ठाऊक आहे?"

"हितून तुमचं शेत दिसतं. चूड लावताना बघितलं मी तुम्हाला."

अंताजीराव तिच्याकडे बघतच राहिले. "बघितलंस? आणि तरी मी आलो तेव्हा... आत लेक अडलेली, खालून आग घराकडे चढत आलेली, आणि तू मला पाणी दिलंस?"

आवडाबाई जराशी गोंधळली. यात विचारण्यासारखं काय आहे, तेच तिला कळेना. "तुम्ही दाराशी आला होता ना," ती म्हणाली.

मग त्या चौसोपी घराच्या मालकाने पागोटं काढलं, ते बाजूला ठेवलं, आणि त्या गवती खोपटाच्या उंबऱ्यावर, आवडाबाईच्या पायांपाशी डोकं टेकलं. "उठा मालक, असं नका करू," ती संकोचाने म्हणत राहिली. पण ते उठेनात. त्यांचे खांदे हलत होते. वळचणीला महाराजांनी पुन्हा डोळे मिटले होते.

ज्यांनी ही कथा शांत चित्ताने ऐकली, त्यांच्या घरावर चालून आलेलं संकट उंबऱ्याबाहेरच टेको, आणि दाराशी आलेला कोणीही तहानेला परत न जावो.