बंद घाण्याचं आवतण

चूल थंड दिसली म्हणून दचकू नका, पाहुणे. घरात सगळं कुशल आहे. आज आमचं हॉटेल बंद आहे, एवढंच. पारापाशी तो हार घातलेला दगडी घाणा दिसतो ना, त्याच्यामुळे!

फार जुनी गोष्ट सांगतात. आमच्या सोनसांगवीत तेव्हा सिद्राम तेल्याचा एकुलता एक घाणा होता. मग नदीपलीकडच्या मुलखातून नीलव्वा आली, एक बैल आणि लहानगी लेक घेऊन. बाई भलती जिद्दीची. एकटीने घाणा उभा केला. तेलाचा वास म्हणे वेशीपर्यंत जायचा. पण गिऱ्हाईक? एक नाही!

का, ते ऐका. तिच्या मुलखात नव्या दुकानात लोक आपणहून येत. बोलवायला जाणं म्हणजे भीक मागणं. आणि आमचं गाव पडलं मानपानाचं. दारी येऊन आवतण दिल्याशिवाय कुणी कुणाचा उंबरा चढायचं नाही. ती दारात वाट बघत बसली, गाव घरात.

शेवटी घरातले दाणे संपले. नीलव्वा बैल घेऊन सिद्रामकडे गेली. "दादा, हा तुम्ही घ्या. आम्ही परत जातो," म्हणताना तिला रडू आवरेना.

"गावाला आवतण दिलंस का?"

"तेलाला कसलं आवतण? लग्न आहे का?"

सिद्राम आधी हसला म्हणे, मग त्याला फार वाईट वाटलं. बैल त्याने घेतला नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःचा घाणा बंद ठेवला आणि तिला घेऊन दारोदार फिरला. "माझ्या बहिणीनं घाणा घातलाय. मी बोलावतोय, या." सांजेला नीलव्वाची मडकी रिकामी होती.

पुढे एकदा ऐन दिवाळीच्या तोंडावर सिद्रामचा बैल बसला. नीलव्वा आपला बैल घेऊन त्याच्या दारात हजर. "तुम्ही घेतला नाहीत म्हणून हा राहिला, दादा. जुंपा."

आजही इथे नवा धंदा निघाला की त्याच धंद्यातला जुना माणूस पहिल्या दिवशी आपलं दुकान बंद ठेवतो आणि गिऱ्हाइकांना तिकडे बोलावतो. मी हॉटेल टाकलं तेव्हा म्हादूअण्णा स्वतःची भट्टी विझवून दिवसभर माझ्या दारात उभे होते. त्यांचे उपकार जन्मात विसरायचा नाही मी.

आज पलीकडे आमच्या रेश्मानं चहाचा गाडा लावलाय. पोरगी हुशार, पण हाक मारायला लाजते. उठा, चला. मी बोलावतोय. माझाही सकाळपासून चहा व्हायचाय.