घट्ट हाताचा स्वेटर

एकदा एका माळरानावरच्या वस्तीत, जिथे डिसेंबरचा वारा घराच्या भिंतींनाही हुडहुडी भरवत असे, एक वृद्ध बाई राहत होत्या. विणकामात त्यांच्या तोडीचे आसपासच्या गावांत कुणी नव्हते. त्यांचे नाव बहुतेकांना ठाऊकही नव्हते, सगळे त्यांना नुसते 'बाई' म्हणत. त्या वस्तीत नाताळची भेट दुकानातून आणायची नाही, ती आपल्या हाताने करायची, अशी रीत होती. त्यामुळे नाताळच्या आधीचा आगमनकाळ लागला की दुपारची भांडी आटोपून बायका सुया-लोकर घेऊन बाईंच्या ओसरीवर जमत. कुणी टोपी विणे, कुणी मोजे, कुणी जुन्या परकराच्या कापडाची बाहुली शिवे.

त्या बायकांत एक तरुण आई होती. बाईंकडे ती त्याच वर्षी शिकायला आली होती, म्हणून तिला आपण शिष्या म्हणू. तिला सहा वर्षांची एकच मुलगी, रिबका. दोन हिवाळ्यांपूर्वी रिबकेच्या छातीत कफ भरला आणि सात दिवस तिला मोठ्या दवाखान्यात काचेच्या खोलीत ठेवावे लागले. आईला आत सोडत नव्हते. काचेला नाक लावून ती उभी राही आणि मुलीची छाती वर-खाली होते का ते मोजत बसे. मुलगी बरी झाली, घरी आली, खेळू लागली. आईचे मोजणे मात्र थांबले नाही. घरात ती मुलीच्या मागे मागे असे. मुलगी अंगणात गेली की हिचा हात चुलीपाशी थबके. कुठे मुले ओरडली तर ते ओरडणे खेळाचे की कशाचे, हे कळेपर्यंत हिच्या तोंडचे पाणी पळालेले असे.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी चार वाजता चर्चच्या रविवारच्या शब्बाथशाळेची सगळी मुले ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून, गाणी म्हणत, तळ्याकाठच्या मोठ्या चर्चमध्ये गोठा पाहायला जात. बाळ येशूच्या जन्माचा तो देखावा खऱ्या गवताचा आणि माणसाएवढ्या पुतळ्यांचा असे. बरोबर दोन शिक्षिका असत, आईबापांनी यायचे नाही. घरी केलेली भेट अंगावर घालून किंवा हातात धरून मुलांनी जायचे, असा रिवाज होता. दोन वर्षे रिबका गेली नव्हती. दोन्ही वर्षे ती खिडकीच्या गजांना धरून ट्रॉली दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली होती. या वर्षी तिने हट्ट धरला, तेव्हा आई म्हणाली, "स्वेटर पुरा झाला तर पाठवीन. थंडीत उघडी नाही पाठवायची मी."

म्हणून ती विणत होती. बाईंनी मापाने टाके घालून दिले होते. ती ते मोजून घेई, ओळ संपली की पुन्हा मोजी. टाका सुईवरून निसटेल या धास्तीने प्रत्येक टाका विणून झाला की धागा ओढून आवळी. सुई टाक्यात शिरेना, मग दात-ओठ खाऊन ती घुसवावी लागे.

शेजारी बसणारी मार्था एकदा म्हणाली, "अगं, स्वेटर विणतेस की डबा? तुझ्या टाक्यांतून पाणीसुद्धा जायचं नाही."

"न का जाईना. वारा तरी जाणार नाही."

"आणि पोरगी जाईल का त्यात?"

बायका हसल्या. शिष्याही हसली, पण पुढचा टाका तिने आणखी आवळला. बाईंनी तिच्या बोटांकडे पाहिले.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी स्वेटरचे भाग जोडून झाले. दुपारी तीनच्या सुमारास शिष्या मुलीला घेऊन बाईंच्या ओसरीवर आली. स्वेटर निळा होता, एकसारखा, कुठे एक टाका चुकलेला नव्हता. रिबकेने हात वर केले. स्वेटर कपाळापर्यंत आला आणि कानांवर अडकला. आईने खाली ओढला. मुलगी आतून म्हणाली, "आई, दिसत नाही." आईने आणखी ओढला. "आई, श्वास कोंडतोय."

हे शब्द ऐकताच शिष्येने इतक्या घाईने स्वेटर वर खेचला की मुलीचा कान लाल झाला. रिबका ठीक होती, केस विस्कटलेले, डोळ्यांत थोडे पाणी.

"झालं," आई म्हणाली. "आता कसली जाते. देवाच्याच मनात नसेल. बाई, सांगा तिला तुम्हीच, पुढच्या वर्षी जा म्हणावं."

रिबकेने खाली मान घातली. बाईंनी स्वेटर हातात घेतला, उजेडाकडे धरून पाहिला. मग चष्मा पुसला, कात्री घेतली आणि सगळी शिवण कापून टाकली. शिष्या बघतच राहिली. बाईंनी पुढचा भाग वेगळा केला, शेवटचा टाका शोधला, गाठ सोडली आणि लोकरीचे टोक रिबकेच्या हातात दिले.

"हे घट्ट धर आणि आपल्या वस्तीतल्या चर्चच्या फाटकापर्यंत पळत जा. ओट्यावर आपला छोटा गोठा मांडलाय ना, त्यात गाढव आहे का बघून ये."

"एकटी?" शिष्येने विचारले.

"एकटी कुठे? टोक तिच्याकडे, तुकडा तुझ्याकडे. तू इथून हलायचं नाहीस. तुकडा दोन्ही तळहातांवर ठेव. लोकर उसवत जाईल तशी जाऊ दे."

"बाई, वळणावर हौद आहे. त्या गिरणीवाल्याची कुत्री मोकळी असतात. सायकली—"

"ठाऊक आहे. मी इथेच साठ वर्षं राहते," बाई म्हणाल्या. "जा गं."

रिबका धावली. दोन वर्षांत तिला कुणी 'पळ' म्हटले नव्हते. लोकर सरसर उसवू लागली, एक ओळ या बाजूने, एक त्या बाजूने, आणि शिष्येच्या हातातला तुकडा आखूड होत गेला. महिनाभराचे काम डोळ्यांदेखत नाहीसे होत होते, पण तिचे लक्ष त्याकडे नव्हते. ती निळ्या धाग्याकडे बघत होती. धागा हलत होता, म्हणजे मुलगी चालत होती. मार्थाचे घर मागे पडले. पिठाची गिरणी आली. मग रिबका वळणावरून आत गेली आणि दिसेनाशी झाली.

आता नुसता धागा उरला. तो हवेत अधांतरी, भिंतीच्या कोपऱ्याला घासत, पलीकडे कुठेतरी जात होता. शिष्या मनात पावले मोजू लागली. आता हौदापाशी आली असेल. हौदाला कठडा आहे, पण एका बाजूचा ढासळलाय. ती वाकून बघेल, तिला पाण्यात बघायची खोड आहे. गिरणीच्या मागे कुत्रे भुंकले. शिष्येच्या मुठी आपोआप वळल्या.

धागा ताणला गेला. क्षणभर तो तारेसारखा ताठ झाला, आणि मग एकदम सैल होऊन धुळीत पडला.

"बाई, सुटला. तिच्या हातून सुटला. पडली ती." शिष्या ओसरीवरून उतरलीदेखील होती. बाईंनी तिचे मनगट धरले. म्हाताऱ्या हातात केवढी ताकद.

"थांब."

"सोडा मला, बाई. पाया पडते."

"सोडते. वीस मोज, मग जा. मीही येईन तुझ्याबरोबर."

शिष्येने मोजायला सुरुवात केली. सातवर ती अडखळली आणि सात पुन्हा म्हणाली. अकराला कुत्रे पुन्हा भुंकले. चौदा. पंधरा. सतरावर धुळीतला धागा हळूच हलला.

थोड्या वेळाने वळणावरून रिबका आली. खाली वाकलेली, एकेक पाऊल टाकत. जमिनीवरचा निळा धागा ती उचलत होती आणि डाव्या हाताच्या बोटांवर गुंडाळत होती, रोज आईला गुंडाळताना पाहत असे तशीच. गुंडा वेडावाकडा झाला होता आणि त्यात एक वाळलेले पान अडकले होते.

"आई, मधेच तुटली," ती म्हणाली. "मी फाटकापाशी पोचले होते. म्हटलं, लोकर वाया जाईल, म्हणून सगळी गोळा करत आले. बाईआजी, गाढव आहे, पण त्याला एकच कान आहे. आणि हौदापाशी कुत्रं होतं, मी त्याला हाड म्हटलं."

शिष्येने तिला पोटाशी धरले. तिला रडायचे होते, पण रडूही फुटेना. मुलगी सुटून बाजूला झाली आणि उरलेली लोकर गुंडाळायला खाली बसली.

"पण तुटली कशी? माझ्या हातून तर सुटली नव्हती," रिबका आपल्याशीच म्हणाली.

शिष्येने आपल्या हातांकडे पाहिले. उरलेला तुकडा अजून मुठीत चुरगळलेला होता. नखांचे वण तळहातावर उमटले होते, आणि मुठीतून तुटक्या धाग्याचे वीतभर टोक लोंबत होते.

तेव्हा बाई तिच्याशेजारी पायरीवर बसल्या.

"पोरी, तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. सात दिवस काचेबाहेर उभ्या राहिलेल्या आईला ते सांगण्याचा मला अधिकार नाही. पुढे काही होणारच नाही, असंही मी म्हणणार नाही. ते मला कुठे कळतं? मला कळते ती लोकर. टाका सुटेल म्हणून तू प्रत्येक टाका आवळलास, तर स्वेटर लेकराच्या डोक्यातून उतरेना. लेकरू सुटेल म्हणून मूठ आवळलीस, तर तुमच्या दोघींमधला धागाच तुटला. तो ना कुत्र्यानं तोडला ना हौदानं. धरायचं नाही, असं मी म्हणत नाही. तळहातावर धर. तुकडा तळहातावर होता तोवर ती तुला कळत होती. मूठ मिटलीस, तशी कळेनाशी झाली."

शिष्येने मूठ उघडली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "आणि तळहातावर असतानाच काही झालं तर?"

"तर मूठ वळलेली असती तरीही झालं असतं," बाई म्हणाल्या. "हे ऐकायला बरं नाही, मला माहीत आहे."

दूर ट्रॅक्टरचा आवाज येऊ लागला. वस्तीतली मुले टोप्या-मोजे घालून रस्त्यावर जमत होती. दीनाबाई नावाच्या शिक्षिका हातात यादी घेऊन नावे पुकारत होत्या. रिबका लोकरीचा गुंडा मांडीवर घेऊन गप्प बसली होती. काही मागत नव्हती, हेच आईला बघवेना.

शिष्या उठली. "बाई, तुमची शाल द्याल?"

बाईंनी खांद्यावरची शाल काढून दिली. आईने ती मुलीच्या डोक्यावरून, छातीवरून फिरवली आणि मागे गाठ मारली. सवयीने गाठ आवळली गेली. रिबकेने गळ्यापाशी बोट घातले. आईने ते पाहिले, गाठ सोडली आणि पुन्हा बांधली, या वेळी दोन बोटे आत जातील एवढी जागा ठेवून.

"माझी भेट कुठाय म्हणून विचारलं तर?" रिबकेने विचारले.

"हा गुंडा दाखव. आईने विणून उसवला, आणि मी गुंडाळला म्हणावं."

"हसतील मला."

"तू पण हस."

दीनाबाईंनी यादी पाहिली, वर पाहिले, पुन्हा यादी पाहिली. "आली का ही? नाव नव्हतं घेतलं मी. बरं, चढ, मधे बस. कडेला नाही बसायचं." एवढे ऐकून शिष्येला आणखी दहा सूचना द्याव्याशा वाटल्या. त्यांतली एकच तिने दिली, बाकीच्या गिळल्या. ट्रॉली हलली. मुलांनी गाणे उचलले, आणि त्या गोंधळात आपल्या मुलीचा आवाज कोणता, हे तिला ओळखू आले नाही.

ती परत ओसरीवर आली. स्वेटरचा मागचा भाग आणि बाह्या तिने स्वतःच उसवल्या. लोकर हातात आली ती कुरळी, नागमोडी, जागोजाग वळ पडलेली. तिने सुई उचलली, तशी बाईंनी ती काढून घेतली.

"उसवलेली लोकर लगेच विणायची नसते. ओली करून टांगायची, म्हणजे वळ निघतात."

शिष्येने लोकरीची लडी केली, कोमट पाण्यात बुडवली, पिळून खुंटीला अडकवली. तिच्यातून पाणी ठिबकत होते. तिने तळहात लडीखाली धरला.

"सगळे वळ निघतील का, बाई?"

"सगळे नाही निघत," बाई म्हणाल्या. "पण विणायला अडत नाही."