बेळक्याची बाई

ओढा जिथे दोन पाटांत फुटतो, बरोबर तिथे ते जांभळाचं झाड उभं आहे. कमरेइतक्या उंचीवर खोडाच्या दोन फांद्या झाल्या आहेत. अशा जागेला आम्ही बेळकं म्हणतो. गुराख्याची गलोल बेळक्याची, पूर्वी मांडवाची मेढही बेळक्याची, आणि दोन घरांच्या भांडणात सापडलेली सूनही 'बेळक्यात अडकली' असंच म्हणतात. हात लावू नका झाडाला. तुम्ही खालच्या वाडीत उतरलात ना? मग त्या बाजूला उभे राहा.

वरची वाडी आणि खालची वाडी यांचं हाडवैर. ते मिटावं म्हणून वरच्या वाडीच्या सुभानजीने आपली लेक खालच्या वाडीत दिली, असं सांगतात. कसलं मिटतंय! एका उन्हाळ्यात ओढा करंगळीएवढा झाला. सुभानजीने मुलाच्या लग्नासाठी तोडलेली मेढच खालच्या पाटाच्या तोंडाशी रोवली, तिला फळ्या टेकवल्या आणि व्याह्याचं पाणी तोडलं. मांडवाची मेढ भांडणात रोवायची अवदसा त्यालाच आठवली.

खालच्या वाडीत गुरं माना टाकू लागली. सासरा सुनेला म्हणाला, "पानी सोडवून आन, न्हाईतर म्हायेरीच ऱ्हा. पोर हितंच ऱ्हाईल."

ती बापाकडे गेली. बाप म्हणाला, "मेढीला हात लावलास तर तू माजी लेक न्हाईस."

पोर तान्हं होतं. ती तशीच ओढ्यात उतरली. दोन्ही काठांवर माणसं काठ्या घेऊन उभी होती. तिने मेढ उपसली, पाणी फुटतं तिथे मधोमध रोवली आणि तिला मिठी मारली. "आता ज्याला पानी तोडायचं त्यानं आदी मला तोडा," ती म्हणाली. दगड आला. कोणत्या काठावरून, ते विचारू नका. वरचे खालच्यांचं नाव घेतात आणि खालचे वरच्यांचं. मिठी सुटली नाही, जीव गेला. तिच्या दोन्ही अंगांनी पाणी सारखं वाहू लागलं आणि सुक्या मेढीला म्हणे पालवी फुटली.

तिला तिथेच माती दिली. शेवटची हाक मारायची वेळ आली तेव्हा बापाने माहेरचं नाव घेतलं, सासऱ्याने लग्नात ठेवलेलं. खरं नाव कोणतं यावरून, माती ओली असतानाच, पुन्हा डोकी फुटली. लाज वाटते मला सांगताना.

आजही दोन्ही वाड्यांत मांडवाची मेढ सरळ लाकडाची असते, आडवं लाकूड तिला दोरीने बांधतात. या वाडीची लेक त्या वाडीत देत नाहीत. नारळ ज्याने त्याने आपल्या काठावरून वाहायचा, समोरच्याकडे न बघता. आणि तिचं नाव कुणी घेत नाही. मला दोन्ही ठाऊक आहेत, पण मलाही इथेच राहायचं आहे. तुम्ही नुसतं 'बाई' म्हणा, नारळ ठेवा आणि आल्या वाटेने परत जा.