बाराची खेप

नदी रुंद होती, तिच्यावर पूल नव्हता, आणि अलीकडच्या तीरावर खायला फारसं काही उरलं नव्हतं. म्हणून धोंडबा कासवाने उतारू वाहण्याचा धंदा मांडला. उंदीर, खारी, सरडे त्याच्या पाठीवर बसत आणि बसण्याआधी भाड्याचं एक कणीस त्याच्या बायकोपुढे, सरूपुढे टाकत. जायला अर्धा दिवस, परतायला अर्धा. दिवसाला खेप एकच.

घाट मगरीच्या मालकीचा. त्याचं भाडं रोज नऊ कणसं, आणि नवराबायकोला खायला तीन. पाठीवर मात्र आठच जण मावत. म्हणजे रोज चार कणसं घरच्या साठ्यातून जात होती. साठा तरी असा किती असणार? महिन्याभरात तळ दिसला.

घाट सोडून जावं, तर वाळूत सरूची अंडी पुरलेली. ती फुटायला अजून पंधरा दिवस होते, आणि उकरून हलवली तर नासणार. भाडं थकलं की वाळू मगरीची आणि अंडीही मगरीची. सरू त्या वाळूजवळून हलत नव्हती.

धोंडबा बगळ्याकडे गेला. बगळा त्या तीरावरचा जाणकार. सगळ्यांना धंद्याचे आराखडे आखून देई. त्याने चोचीने चिखलात दोन रेघा ओढल्या. एक खर्चाची, आडवी. दुसरी कमाईची, चढती. दोन्ही जिथे भेटल्या तिथे टोच मारून तो म्हणाला, "बारा. खेपेला बारा उतारू बसव, की सुटलास."

"अहो बगळेमामा, पाठीवर आठच मावतात हो!"

"पाठीचं तुझं तू बघ बाबा. माझी रेघ चुकत नाही."

रेघ खरंच चुकलेली नव्हती, हीच तर पंचाईत होती.

धोंडबाने सगळं करून पाहिलं. भाडं दोन कणसं केलं, तर उतारू वरच्या घाटावर पाणमांजराकडे निघून गेले. मग तो पुन्हा एकावर आला आणि त्याने स्वतःचं खाणंच सोडलं. चार दिवसांत अंगातलं त्राण गेलं, आणि आठांना घेऊनही पाणी पाठीवर चढू लागलं. शेवटी तो मगरीच्या पाया पडला. तिने डोळेही उघडले नाहीत.

"थकलेली तीन धरून उद्या बारा," ती म्हणाली. "नाहीतर वाळू रिकामी कर."

सकाळी सरूने त्याची वाट अडवली. "अहो, नका ना. आठच घ्या."

"मग अंड्यांचं काय करू?"

ती बाजूला झाली. धोंडबाने हाका मारून बारा उतारू जमवले. आठ पाठीवर बसले, उरलेले चार त्यांच्या खांद्यांवर चढले. सरूपुढे बारा कणसांचा ढीग पडला. असा ढीग त्या घाटावर पहिल्यांदाच पडत होता.

"जमलं! मी म्हटलं नव्हतं?" बगळा पंख फडफडवत ओरडला.

सरूने नदीकडे पाहिलं. मध्यावर पोचेपर्यंत धोंडबाची पाठ दिसेनाशी झाली होती. उतारू जणू पाण्यावरच उभे होते, एकमेकांना धरून, शेपट्या वर करून, आणि हळूहळू पलीकडे सरकत होते. मग ते सरकायचे थांबले.

तिने डोकी मोजली. बारा होती. ती तेरावं शोधत राहिली.